जिवंत झरा: याकोबाच्या विहिरीपासून केडगावपर्यंत

आजच्या भागाचा विषय आहे तहान. घशाला पडणारी कोरड आणि मनाला लागणारी ओढ, या दोन्हींना आपण मराठीत एकच शब्द वापरतो. ख्रिस्ती परंपरेतही हे दोन अर्थ अगदी सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेले आहेत. पण खरा प्रश्न पुढे येतो. समोरचा माणूस तहानेला असेल, तर आधी कुठली तहान भागवायची? आणि पाणी देताना त्याच्याकडून काही मागायचं का? या प्रश्नावरून आपल्या पुण्यात केवढा मोठा वाद झाला होता, तेही आज बघू.

सुरुवात करू एका विहिरीपासून. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लस शहराजवळ, गरिज्जीम डोंगराच्या पायथ्याशी ही विहीर आहे. खोली साधारण 40 मीटर. आज ती एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. यहुदी, शोमरोनी, ख्रिस्ती आणि मुसलमान, असे चारही समाज तिला याकोबाची विहीर म्हणून मानत आले आहेत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट इथेच घडते. भर दुपार. येशू चालून चालून दमलाय. शिष्य गावात खायला आणायला गेलेत. तो विहिरीपाशी बसलाय आणि पाणी काढायला त्याच्याकडे काहीच नाही. तेवढ्यात एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे.

बाई चकित होते. का? तर यहुदी आणि शोमरोनी यांचं जुनं वैर. दोघेही मोशेचं नियमशास्त्र मानणारे. पण यहुद्यांचं मंदिर यरुशलेमला आणि शोमरोन्यांचा पवित्र डोंगर गरिज्जीम. तिथलं शोमरोनी मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात एका यहुदी राज्यकर्त्यानेच पाडलं होतं. येशूच्या काळात परिस्थिती अशी, की कट्टर यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी पिणार नाही. विटाळ! आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या गोष्टीत पाणी मागतोय तो येशू. गुरू म्हणून तो पुढे बरंच काही बोलतो, पण सुरुवात करतो ती गरजू म्हणून. ज्या बाईला गावात फारसा मान नसावा, तिच्या हातात त्या क्षणी देण्याची ताकद आहे.

मग तो तिला म्हणतो, की तो तिला जिवंत पाणी देऊ शकतो. आता हा शब्द मजेशीर आहे. त्या काळच्या भाषेत जिवंत पाणी म्हणजे सरळ सरळ वाहतं पाणी, झऱ्याचं पाणी. साचलेल्या पाण्याच्या उलट. आपणही म्हणतोच की, विहिरीला जिवंत झरे आहेत म्हणून. त्यामुळे बाईला वाटतं, हा कुठल्या तरी दुसऱ्या झऱ्याबद्दल बोलतोय. ती विचारते, तुझ्याकडे पोहरा नाही आणि विहीर तर खोल, मग पाणी आणणार कुठून? तिचा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. रोज उन्हात घागर वाहणाऱ्या बाईचा प्रश्न असाच असणार. येशू बोलतोय आतल्या तहानेबद्दल, पण हळूहळू, तिच्या पाण्याच्या प्रश्नाला धरूनच. शेवटी ती घागर तिथेच ठेवून गावात धावत जाते आणि लोकांना बोलावून आणते.

याच शुभवर्तमानाच्या शेवटाकडे, एकोणिसाव्या अध्यायात, येशू क्रुसावर आहे आणि आपल्याला तहान लागल्याचं सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, दिप्सो. तहान लागण्याचं हेच क्रियापद विहिरीवरच्या संवादातही आलंय. म्हणजे जिवंत पाणी देऊ करणारा माणूस मरताना स्वतः तहानेला आहे आणि त्याच्या ओठांना लावतात तो आंबेनं भिजवलेला स्पंज. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे, तिथे माणसाला विचारलं जातं ते साधंच: तहानेल्याला पाणी दिलंस का? आत्म्याच्या तहानेबद्दल कितीही बोललं, तरी शरीराची तहान या ग्रंथातून पुसली जात नाही.

आता आपण सरळ येऊ एकोणिसाव्या शतकात. कारण विहिरीची ही गोष्ट एका मराठी बाईच्या आयुष्यात फार मोठं वळण घेऊन आली. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मुलींना संस्कृत शिकवू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी आधी बायकोला शिकवलं, आणि मग आईने रमाबाईंना. सगळं कुटुंब पुराणं सांगत, तीर्थयात्रा करत देशभर फिरायचं. मग 1870च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, की एका जंगलात त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि थोडे रानखजूर यांवर काढले. 1874मध्ये काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ. दोघं पायी हजारो मैल फिरले.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. 1878मध्ये कलकत्त्याला पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880मध्ये भाऊ गेला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882मध्ये त्या विधवा झाल्या. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 1883मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलमला एक आश्रम दाखवला. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळलं जात होतं. रमाबाईंना प्रश्न पडला: या बायकांची कोणी एवढी काळजी का घेतं? त्यांनी शिकवणाऱ्या सिस्टरला तसं विचारलं. उत्तर म्हणून सिस्टरने वाचून दाखवला योहानाचा चौथा अध्याय. तीच विहीर, तीच शोमरोनी बाई! या वाचनाचा आपल्यावर काय परिणाम झाला, हे रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात सांगितलंय. सप्टेंबर 1883मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांची तहान तिथे भागली असं समजू नका. त्या सिस्टरांशी पत्रांतून भांडत राहिल्या. चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. आणि पुढे त्यांनीच लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त सापडायला आणखी कित्येक वर्षं गेली. साधारण आठ वर्षं, 1891पर्यंत.

मधल्या काळात, 1889मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि घर. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्माची सक्ती नाही, मुलींनी आपापल्या जातीचे नियम पाळायची मोकळीक, असं ठरलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. झालं! 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. 1893मध्ये रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. टीकाकार म्हणत होते, ज्या मुलीला जगात दुसरा आसराच नाही, तिची निवड खरंच मोकळी असते का? प्रश्न खोटा नव्हता. रमाबाई म्हणत होत्या, मी दार लावून माझा विश्वास का लपवू? हेही खोटं नव्हतं. मला विचाराल तर टीकाकारांच्या बाजूत एक मोठं भगदाड होतं. त्या विधवांचं केशवपन होत होतं, त्या उपाशी राहत होत्या, तेव्हा त्यांच्यासाठी घर उभं करायला किती जण पुढे आले होते?

मग आला 1896-97चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथे त्यांना दिसलं ते त्यांचंच बालपण होतं. त्या सुमारे 300 मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला नेलं. तिथे सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून आधीच जमीन घेतलेली होती. तेच पुढे मुक्ती मिशन झालं. 1900मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातूनही मुली आणल्या. तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. आता जातीची अट राहिली नव्हती. आणि मुली नुसत्या सांभाळल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धशाळा, छापखाना, सगळं त्या शिकल्या.

आणि या सगळ्या धबडग्यात रमाबाईंनी एक काम हातात घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायचं, तेही साध्या बाईला समजेल अशा मराठीत. छपाई केडगावलाच. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि 1924मध्ये पूर्ण बायबल बाहेर आलं. म्हणजे बघा, जंगलात नुसत्या पाण्यावर दिवस काढलेल्या मुलीनेच पुढे शोमरोनी बाईची ती गोष्ट मराठीत लिहिली.

शरीराची तहान आणि आत्म्याची तहान यांत आधी कुठली, या प्रश्नाला रमाबाईंच्या आयुष्यातून मला मिळणारं उत्तर असं: ज्याने पहिली भोगलीय, तो दुसरीबद्दल बोलताना पहिली विसरत नाही. पण पाणी देणाऱ्याने काही मागावं का, हा पुण्यातला प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. मदत करणारी कुठलीही संस्था घ्या, कुठल्याही धर्माची किंवा पक्षाची, तिला तो विचारता येतो. तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये नक्की लिहा. भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, ऊन वाढलंय, पाणी पीत राहा!