रात्री रुग्णालयात निर्णय कोण घेते? आरएमओ, सिस्टर आणि कन्सल्टंट यांच्या कामाच्या मर्यादा

आईला ताप आणि धाप म्हणून छोट्या खासगी रुग्णालयात दाखल केले आहे. संध्याकाळी तपासणारे डॉक्टर घरी गेले. रात्री दोन वाजता धाप वाढते, कोणीतरी येऊन इंजेक्शन देऊन जाते. ते डॉक्टर होते का, कोणाला विचारून दिले, हे नातेवाइकांना कळत नाही आणि विचारायचा संकोच वाटतो. तो संकोच करू नका.

रुग्ण कोणाच्या नावावर दाखल आहे?

केस पेपरवर ज्यांचे नाव असते ते कन्सल्टंट. निदान, मुख्य औषधे आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांचा. ते घरी गेले म्हणून जबाबदारी संपत नाही. बाहेरगावी जाणार असतील, तर त्यांच्या जागी कोण पाहणार हे तुम्हाला कळायला हवे.

आरएमओ म्हणजे कोण?

आरएमओ हे चोवीस तास रुग्णालयात हजर असणारे डॉक्टर. मोठ्या रुग्णालयांत ते बहुधा एमबीबीएस असतात. महाराष्ट्रातील अनेक छोट्या रुग्णालयांत मात्र बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर हे काम करतात. रुग्ण तपासणे, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन पाहणे, नोंदी करणे, तातडीत पहिले उपचार सुरू करणे आणि कन्सल्टंटला फोन करणे हे त्यांचे काम. ज्या उपचारपद्धतीचे शिक्षण आणि परवानगी नाही, ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. होमिओपॅथीच्या एका डॉक्टरने रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले होते.

माझा अनुभव असा, की रात्रपाळीत आरएमओच्या पदवीपेक्षा त्याने फोन वेळेवर केला का, यावर जास्त अवलंबून असते. चांगला आरएमओ शंका आली की साहेबांची झोपमोड करतो. ‘सकाळी राउंडला सांगू’ म्हणणारा कितीही शिकलेला असला तरी धोक्याचा.

म्हणून नातेवाइकांनी असे विचारावे: “डॉक्टर, हे मोठ्या डॉक्टरांना कळवले का? किती वाजता? ते काय म्हणाले?” यात कोणाचा अपमान नाही. धाप वाढणे, शुद्ध हरपणे, लघवी कमी होणे, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे यांपैकी काही झाले, तर सकाळची वाट पाहू नका. फोन लागत नसेल, तर दुसरे कोणते डॉक्टर येऊ शकतात किंवा रुग्णाला कुठे हलवता येईल, हे त्याच वेळी विचारा.

सिस्टर काय करतात, काय करत नाहीत?

रुग्णालयात आपण सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतो. प्रशिक्षित परिचारिकेची परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. ती डॉक्टरांनी लिहिलेली औषधे देते, रुग्णावर लक्ष ठेवते आणि बिघाड दिसला की कळवते. नवीन औषध ती आपल्या मनाने सुरू करत नाही. मात्र डोस चुकीचा वाटला, तर तो थांबवून डॉक्टरांना विचारणे हे तिचे कामच आहे. काही वेळा त्यामुळे इंजेक्शनला उशीर होतो, तेव्हा तिच्यावर चिडू नका. फोनवर मिळालेली ऑर्डर तिने पुन्हा वाचून दाखवावी, वेळेसह केस पेपरवर लिहावी आणि डॉक्टरांनी नंतर त्यावर सही करावी.

मावशी आणि मामा रुग्णाची स्वच्छता करतात, त्याला उठवतात, बसवतात, ने-आण करतात. सलाईनची बाटली बदलणे किंवा इंजेक्शन देणे त्यांचे काम नाही. घाईत तेही केले जाते. दिसले तर “सिस्टरना बोलवा” एवढे म्हणा.

शस्त्रक्रिया असेल तर

भूल कोण देणार, हे आधी विचारा. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी किंवा निदान शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला भेटून जुने आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी विचारायला हवी.

पदवी आणि कागदपत्रे

डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र, पावतीवर लिहिणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. त्याच नियमांनुसार, उपचारांच्या नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. तोंडी मागण्यापेक्षा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.