अमली पदार्थांच्या नशेत वाहन चालवणे : संशय, तपासणी व अटक

दारूखेरीज अन्य मादक द्रव्याच्या किंवा औषधाच्या अमलाखाली वाहन चालवल्याच्या संशयावरून चालकाला थांबवून त्याच्यावर केली जाणारी पोलिसी कारवाई. दारू प्यायलेल्याने यंत्रात फुंकर मारली की आकडा मिळतो आणि खटला त्या आकड्यावर उभा राहतो. गांजा, हेरॉइन किंवा झोपेच्या गोळ्यांच्या नशेचे असे सरळ मोजमाप नाही. त्यामुळे पोलिसाने डोळ्यांनी काय टिपले यालाच येथे वजन येते.

हे टिपण्याची रीतसर पद्धत अमेरिकेत लॉस एंजेलिसला आकाराला आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील पोलिसांच्या लक्षात आले की, झिंगलेले म्हणून पकडलेल्या अनेक चालकांच्या रक्तात दारू नाममात्र असते किंवा नसतेच. एक वाहतूक पोलीस आणि एक अमली पदार्थविरोधी पथकातला, अशा दोन सार्जंटांनी लक्षणे जुळवायला घेतली. १९७९ मध्ये पोलीस दलाने त्यांच्या पद्धतीला मान्यता दिली. तिचे प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसाला ‘ड्रग रेकग्निशन एक्स्पर्ट’ म्हणतात.

कारवाईचे टप्पे ठरलेले आहेत. गाडी पट्टा सोडून भरकटते का, थांबवल्यावर चालक कागदपत्रे काढताना चाचपडतो का, हे आधी पाहिले जाते. मग रस्त्याच्या कडेला तीन चाचण्या : डोळ्यांसमोरून आडवी फिरवलेली वस्तू पाहताना बुबुळे थरथरतात का, टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत नऊ पावले जाऊन परत येता येते का आणि एका पायावर तीस सेकंद उभे राहता येते का. एवढ्यावर अटक होऊ शकते. श्वासचाचणीत दारू कमी निघाली आणि वागणे मात्र तिच्याशी जुळेना, तर तज्ज्ञ येतो. त्याची तपासणी बारा पायऱ्यांची. नाडी तीनदा मोजतात, अंधाऱ्या खोलीत बाहुल्यांचा आकार पाहतात, स्नायूंचा ताठरपणा चाचपतात, सुयांच्या खुणा शोधतात. डोळे मिटून मनातल्या मनात तीस सेकंद मोजायला सांगतात; उत्तेजकांच्या अमलात ती अनेकदा लवकर संपतात. अफूवर्गीय द्रव्यांनी बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, कोकेनने विस्फारतात. गांजाने बुबुळे थरथरत नाहीत, पण दोन्ही डोळे नाकाकडे वळवणे जड जाते. मधुमेह किंवा डोक्याला मार अशी वैद्यकीय कारणे आधी तपासणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच, कारण साखर उतरलेला माणूसही झिंगल्यासारखाच दिसतो. तज्ज्ञ आपले मत नोंदवतो. रक्त किंवा लघवीची प्रयोगशाळेतील तपासणी ही शेवटची पायरी.

खरी अडचण या शेवटच्या पायरीत आहे. गांजातील टीएचसी हा मादक घटक रक्तातून काही तासांत झपाट्याने उतरते. उलट नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यावरही त्याचा अंश सापडतो. लघवीतील अवशेष तर आठवड्यांपूर्वीचे असू शकतात. तरीही कोलोरॅडो राज्याने दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम ही रेषा आखली आहे. तिच्यावर गेलेला चालक नशेत होता असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकते, पण काढलाच पाहिजे असे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रस्त्यावरच्या चाचण्यांची निरीक्षणे ग्राह्य धरली, मात्र चालक त्यात ‘नापास’ झाला म्हणजे गांजाच्या नशेत होता, असे पोलिसाला म्हणता येणार नाही, असे ठरवले. रक्त घेण्यासाठी संमती नसेल तर एरवी वॉरंट लागते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. ब्रिटनने निराळी वाट धरली : इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०१५ पासून ठरावीक द्रव्यांसाठी रक्तातील मर्यादा आहेत, आणि रस्त्यावर लाळेची चाचणी होते.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू होते. दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा त्यात आहे. अमली पदार्थांसाठी मात्र आकडा नाही, वाहनावर योग्य ताबा ठेवता न येण्याइतका अंमल सिद्ध करावा लागतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातले पदार्थ या कलमात थेट आणले. गंमत अशी की त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, त्यामुळे होळीला भांग चढवून गाडी हाकणाऱ्याच्या वकिलाला युक्तिवादाला जागा उरते. नाकाबंदीतले श्वासयंत्र या पदार्थांपुढे मुकेच. कलम २०२ नुसार अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर चालकाला सोडून द्यावे लागते.