पावसाळ्याआधी गाडीचे टायर: काय तपासावं, कधी बदलावं, नवे कुठं टाकावेत

सांगली : मे महिना संपत आला की शेतकरी बी-बियाणं, खतं बघतो, घराची कौलं-पत्रे बघतो. दारात उभ्या असलेल्या चारचाकीचे टायर मात्र क्वचितच कुणी वाकून बघतं. "गाडी नवीनच आहे, टायरला काय झालंय," असं म्हणून विषय संपतो. पण आपल्या भागात टायरची खरी परीक्षा होते ती जूनच्या पहिल्या पावसात आणि नंतर ऐन सुगीत, परतीच्या पावसानं रस्त्यावर चिखल आल्यावर.

मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून "हिवाळ्याचे वेगळे टायर घ्यायचे का?" असं विचारणारे नवे गाडीमालकही आता भेटतात. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवता येत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून तर तिथं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर हिवाळी म्हणून धरले जातात. त्या टायरचं रबर मऊ असतं आणि साधारण सात अंशांच्या खाली चांगलं काम करतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दंव गोठतं, तेवढ्यासाठी असे टायर घेण्याची काहीही गरज नाही. जत-आटपाडीच्या उन्हात ते रबर भराभर झिजेल. कुणी असे वापरलेले टायर स्वस्तात देतो म्हणालं, तर सरळ नको म्हणावं. गाडीसोबत येणारे साधे रेडियल ट्यूबलेस टायर इथं बाराही महिने चालतात. फक्त त्यांची नक्षी शिल्लक पाहिजे आणि वय फार झालेलं नको.

नक्षी किती उरली?

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. टायरखाली आलेलं पाणी या खाचांतून बाहेर फेकलं जातं. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट राहत नाही आणि वेगात असलेली गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. अशा वेळी स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर कराड, पेठनाक्याच्या पट्ट्यात जोराच्या सरीत 90-100 नं जाणाऱ्या गाडीला हा धोका सगळ्यात जास्त. असं झालंच तर ब्रेकवर उभं न राहता अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टेअरिंग सरळ धरायचं.

नव्या टायरची खाच साधारण 7 ते 8 मिलिमीटर खोल असते. नियमानं कारच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते. ती ओळखायला यंत्र लागत नाही. मोठ्या खाचेत मध्येमध्ये रबराची छोटी आडवी पट्टी असते. टायर झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. पण ही झाली कायद्याची शेवटची रेघ. कुंभार्ली, आंबेनळी किंवा पसरणी घाटातून पावसात ये-जा असेल, तर पट्टी टेकेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी खाचेत उभी धरावी. 3 मिलिमीटरच्या आत असेल तर टायर मृगाआधीच बदलावेत.

मोजताना मधली, आतली आणि बाहेरची अशा तिन्ही खाचा बघाव्यात. नुसती मधली झिजली असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. ती न करता नवे टायर टाकले, तर तेही त्याच बाजूनं संपतील.

शोरूममधून आलेल्या गाडीचा टायरही जुना असू शकतो

टायरच्या बाजूला लांबोडक्या चौकटीत चार आकडे असतात. 2325 असेल तर तो टायर 2025 सालच्या 23 व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनलेला. गाडी ताब्यात घेताना चारही टायर आणि स्टेपनीचे आकडे बघावेत. नवा टायर विकत घेतानाही हीच खबरदारी. दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला टायर "नवीनच आहे" म्हणून माथी मारला जाऊ शकतो. कमी चालणाऱ्या गाडीची नक्षी दिसायला छान असते, पण रबर उन्हात कडक होत जातं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावं. बाजूला बारीक तडे दिसले किंवा फुगा आला असेल, तर किलोमीटर मोजत बसू नये, टायर काढावा.

स्टेपनीचंही तसंच. 2020 च्या नियमबदलानंतर टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल, तर कंपनीला स्टेपनी देण्याचं बंधन नाही. त्यामुळे डिकी उघडून खात्री करूनच सही करावी. काही गाड्यांत चार अलॉय आणि स्टेपनी मात्र लहान असते. अशा स्टेपनीवर बहुतेक ताशी 80 ची मर्यादा लिहिलेली असते. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरतीच, आठवडाभर फिरायला नव्हे.

दोनच टायर घेतले तर?

बहुतेकांची चूक इथंच होते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. पैसे वाचवायला दोनच नवे घेतले जातात आणि ते पुढेच बसवले जातात. "पुढं स्टेअरिंग असतंय, नवे पुढंच पाहिजेत," असं ठामपणे सांगणारे कमी नाहीत. पण ओल्या रस्त्यासाठी टायर कंपन्यांचा सल्ला नेमका उलटा आहे. नवे टायर मागं टाकावेत आणि मागचे चांगले पुढं आणावेत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की पुन्हा पकडते. मागची घसरली तर गाडी जागेवर फिरते. घाटातल्या उताराच्या वळणावर फिरलेली गाडी सावरणं रोजच्या ड्रायव्हरलाही जमत नाही. दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर सवयीनं नवे पुढं बसतात. जोडीतले दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे असावेत.

दर 10 हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल केली तर चारही जवळपास सारखे झिजतात आणि हा प्रश्नच लांबणीवर पडतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो टायर तसाच दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

माप बदलायचं का?

165/80 आर14 85टी हे माप उदाहरणादाखल घ्या. टायरची रुंदी 165 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 80 टक्के, आर म्हणजे रेडियल, डिस्क 14 इंची. 85 म्हणजे एका टायरवर 515 किलोपर्यंत भार आणि टी म्हणजे ताशी 190 पर्यंत वेग चालतो. नवीन घेताना हे शेवटचे आकडे आणि अक्षर आधीपेक्षा कमी नसावं. रुबाबासाठी रुंद टायर टाकण्याची हौस गावोगावी आहे. पण टायर जेवढा रुंद, तेवढं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. पाण्यावर तरंगायला तो उलट लवकर तयार होतो. मापात मोठा फरक केला, तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

मोठ्या खाचांचे जाडजूड टायर बोलेरो, स्कॉर्पिओवाल्यांना भुरळ घालतात. मुरमाच्या, दगडगोट्यांच्या रस्त्याला ते बरे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मात्र त्यांच्याही खाचा दोन मिनिटांत लिंपतात. गळीत हंगामात फडातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हाच चिखल डांबरावर आणून टाकतात. त्यावर एक सर पडली की कुठलाच टायर धरत नाही, वेग कमी ठेवणं एवढंच हातात असतं. शेतातून आल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं तर लगेच बॅलन्सिंगला पैसे देऊ नयेत. डिस्कच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आधी धुऊन बघावा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

हवा किती भरायची, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायर गार असताना मोजायची, माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर स्टिकरवर दिलेला वाढीव आकडा धरायचा. "उन्हाळा हाय, चार पॉइंट कमीच ठेवा" हा सल्ला ऐकू नये. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि उन्हात फुटतो तो बहुधा हाच.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह बघावं आणि पक्कं बिल घ्यावं. 22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, बिलात तोच लागला आहे का ते तपासावं. विमा असला तरी नुसता टायर फुटल्याची भरपाई साध्या पॉलिसीत मिळत नाही. अपघातात गाडीसोबत टायर गेला तरच, तीही निम्मी. नव्या गाडीच्या टायरमध्ये दोष निघाला तर त्याची वॉरंटी बहुधा टायर कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नव्हे. म्हणून टायरचं वॉरंटी कार्ड गाडीच्या कागदांत जपून ठेवावं. नवे टायर बसवल्यावर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर सबुरीनं चालवावं आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट एकदा पान्यानं आवळून घ्यावेत.