मोजणीचा तंबू

आजची हकीकत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, इटलीतल्या रोम शहराची.

रोमनं लढाया जिंकून खूप जमीन मिळवली होती. ती सरकारची, पण धरून बसले होते बडे जमीनदार. लढायला जायचा तो लहान शेतकरी. तो वर्षानुवर्षं बाहेर, इकडे शेत पडीक. परत येईपर्यंत ते शेजारच्या मोठ्याच्या घशात गेलेलं असायचं. आणि त्या मोठ्याकडे राबायला युद्धात पकडलेले गुलाम होते, म्हणजे ज्याचं शेत गेलं त्याला मजुरीही मिळेना.

सरकारी जमीन एकानं किती धरावी याला मर्यादा होती. आपण सीलिंग म्हणतो तसंच. त्यांचे ५०० युगेरा, म्हणजे आपले सुमारे ३१० एकर. कायदा जुना होता, फक्त पाळत कोणी नव्हतं.

इसवी सनापूर्वी १३३ साली तिबेरियस ग्राकस ट्रिब्यून झाला. ट्रिब्यून म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला, त्यांची बाजू राखणारा अधिकारी. असे दहा असत आणि एकानं जरी अडवलं तरी ठराव थांबे. तिबेरियस स्वतः बड्या घराण्यातला. त्यानं कायदा मांडला: मर्यादेवरची जमीन काढून भूमिहीनांना द्यायची, आणि त्यांनी ती विकायची नाही. ऑक्टेवियस या दुसऱ्या ट्रिब्यूननं अडवलं, तेव्हा तिबेरियसनं लोकांच्या मतानं त्यालाच पदावरून काढलं. लोकांनी निवडलेल्याला लोकांनी काढलं, यात मला वावगं वाटत नाही. पण असं पूर्वी झालं नव्हतं, आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

जमीन मोजून वाटायला तिघांची समिती नेमली: तो, त्याचा भाऊ गायस आणि सासरा. (तिघेही घरचेच!) खर्चाची दोरी मात्र सिनेटच्या, म्हणजे बड्यांच्या सभेच्या हातात. मोजणीला जाताना सरकारी तंबू मिळायची रीत होती, तोही दिला नाही. रोजचा भत्ताही नावापुरताच. पुढे पेर्गामोनच्या राजानं मरताना आपला खजिना रोमला दिला. त्यातून नव्या शेतकऱ्यांना अवजारं घेऊ, असं तिबेरियस म्हणाला. त्यानं ते आणखी चिडले. तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सिनेटचे लोक बाकांचे मोडके पाय घेऊन आले. तिबेरियस आणि सुमारे ३०० माणसं ठार झाली. प्रेतं नदीत टाकली.

समितीचं काम तरीही चाललं. दहा वर्षांनी गायस ट्रिब्यून झाला. त्यानं शहरातल्या लोकांना स्वस्त धान्य दिलं, सतरा वर्षांखालच्या पोरांची सैन्यभरती बंद केली. ऑक्टेवियसवर उट्टं काढणारा एक कायदाही आणला होता, पण आई कोर्नेलियानं सांगितलं म्हणून मागे घेतला, आणि तसं लोकांसमोर बोललाही. त्या रोममध्ये बाईला मत नव्हतं, बरं का! कोर्नेलियाची बारा लेकरं, त्यातली तीनच मोठी झाली. आणि दोन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. गायसचा शेवट इसवी सनापूर्वी १२१ साली झाला.

त्यानंतर विक्रीवरची बंदी उठवली गेली. श्रीमंतांनी जमिनी विकत घेतल्या, काही दांडगाईनं बळकावल्या. समितीनं रोवलेले हद्दीचे काही दगड, गायसचं नाव कोरलेले, दक्षिण इटलीत सापडले आहेत.