नदीचं नाव कुणी सांगितलं?

मंडळी, ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट शहरात एक दगड जपून ठेवला आहे. रोमन काळातल्या एका खांबाची ती बैठक, पण उलटी करून ठेवलेली. या दगडावर एकेकाळी एक शेतकरी बसत असे आणि त्या मुलखाचा नवा ड्यूक शेतकऱ्याच्या वेशात त्याच्यासमोर येई. शेतकरी आपल्या स्लाव बोलीत विचारी, हा येतोय तो कोण? न्यायानं वागेल ना? समाधान झालं की तो जागा सोडी. हा विधी शेवटचा झाला 1414 साली.

ही बोली आल्प्सच्या डोंगरात आली कशी? सहाव्या शतकाच्या अखेरीला स्लाव लोक सावा आणि द्रावा या नद्यांच्या खोऱ्यांतून वर सरकले. पश्चिमेकडच्या बाव्हेरियन लोकांशी त्यांच्या लढाया झाल्या. टेउर्नियासारखी बिशपची जुनी ठाणी लयाला गेली. पुढं इथं कारांटानिया नावाचं स्लाव राज्य उभं राहिलं. आठव्या शतकात अवारांच्या भीतीनं बोरुत या राजानं बाव्हेरियाची मदत मागितली. मदत मिळाली, पण तिच्यामागून त्यांची सत्ताही आली.

इतिहास असा लढायांचा असतो. पण मी शब्दांत रमणारा माणूस. मला नद्यांची नावं थांबवतात. सावा, द्रावा ही नावं स्लावांच्याही आधीची आहेत. म्हणजे जुनी वस्ती पुरती पुसली गेली नव्हती. नव्यानं आलेल्या कुणीतरी काठावरच्या माणसाला विचारलं असेल, या नदीला काय म्हणता? आणि त्यानं सांगितलं असेल. पुढं जर्मन बोलणारे आले, त्यांनीही असंच विचारलं असणार. आजच्या ग्रात्स शहराच्या नावात स्लावांचा ‘ग्रादेत्स’, म्हणजे छोटा किल्ला, अजून उभा आहे.

मात्र नावं देणाऱ्यांचे वंशज पुढं त्याच मुलखात अल्पसंख्य झाले. 1972 साली कॅरिंथियात जर्मनबरोबर स्लोव्हेनियन नावं लिहिलेल्या पाट्या लागल्या, तेव्हा जमावानं त्या उखडून टाकल्या. तडजोड व्हायला 2011 साल उजाडलं. 164 गावांना दोन भाषांतल्या पाट्या मिळाल्या.

पाटी उखडता येते, मंडळी. पण तेराचौदाशे वर्षांपूर्वी नदीकाठी कुणीतरी विचारलेला तो साधा प्रश्न आणि मिळालेलं उत्तर कसं उखडणार? द्रावा अजून त्याच नावानं वाहते आहे.