शिंग, शीड आणि व्यूह

बेळगावहून खानापूरकडे निघालं की मच्छे लागतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ तिथंच. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं घरी मराठी बोलोत की कन्नड, ‘अँटेना’ आणि ‘ॲरे’ हे शब्द जसेच्या तसे उचलतात. दोन्हींची कुळकथा मोठी रंगतदार आहे.

जहाजाचं शीड ज्या आडव्या काठीला बांधतात, ती लॅटिनमधली ‘अँटेना’. ग्रीकमध्ये तिला ‘केराइया’ म्हणत. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात किड्यांच्या डोक्यावरच्या शिंगांनाही हेच नाव होतं. पंधराव्या शतकात थिओडोर गाझाने त्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर करताना किड्यांच्या डोक्यावर शिडाची काठी चढवली! पुढे मार्कोनीच्या काळात बिनतारी संदेशांसाठीची तार उंच धरणाऱ्या काठीचं हे इटालियन नाव तारेलाच चिकटलं. ‘केराइया’च्या मुळाशी ‘केरास’, म्हणजे शिंग. आणि ‘केरास’ व संस्कृत ‘शृंग’ एकाच घराण्यातले. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली ‘शृंगिका’ म्हणून मला फार आवडते. मधली शिडं ओलांडून ती थेट मुळाशी पोचते.

‘ॲरे’ जुन्या फ्रेंचमधून आला. लढाईसाठी सैन्य मांडणं, हा त्याचा एक जुना अर्थ. त्याला आपला नेमका शब्द ‘व्यूह’. ‘रांग’ किंवा ‘समूह’ म्हणून का भागत नाही, ते बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूरच्या रेडिओ दुर्बिणीत दिसतं. तिथं 34.5 मेगाहर्ट्झसाठी 1000 द्विध्रुव, म्हणजे साधे अँटेना, इंग्रजी ‘टी’च्या आकारात मांडले: 640 पूर्व-पश्चिम सुमारे 1.4 किलोमीटरभर, 360 दक्षिणेला. लाट जवळपास 8.7 मीटर लांब. एकटा द्विध्रुव आकाशाचा मोठा भाग एकदम ऐकतो. आवाज नेमका कुठला, ते त्याला कळत नाही. इतकं पसरूनही सगळ्यांची मिळून नजर जेमतेम चंद्रबिंबाएवढी बारीक होते.

एकच लाट प्रत्येकापाशी किंचित मागेपुढे पोचते. तो फरक भरून काढला की एका दिशेचे संकेत जुळतात, बाकीचे विरतात. फरकाचं गणित बदललं की द्विध्रुव जागचा न हलता दुर्बीण दुसरीकडे बघते. इथे संख्येइतकीच प्रत्येकाची जागा मोलाची.

‘अँटेना’ राहू दे, तो आता मराठीच झालाय. ‘ॲरे’च्या जागी मात्र ‘व्यूह’ लिहावा. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत: 14 मध्यभागी दाटीने, 16 तीन भुजांवर दूरवर. त्या मांडणीला दुसरं काय म्हणणार?