सेवेचा सन्मान

शिष्यवृत्ति म्हटली कीं परीक्षेंतील गुण आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु विद्यार्थ्यानें समाजासाठीं काय केलें, हें पाहून त्याच्या शिक्षणास साह्य करण्याची प्रथाहि अमेरिकेंत रूढ झाली आहे.

तेथील ग्रंथकार टी. ए. बॅरन यांनीं २००१ सालीं आपल्या मातोश्री ग्लोरिया यांच्या नांवें एक पारितोषिक स्थापिलें. ह्या बाईंनीं कोलोरॅडोंतील अंधशाळेंत अनेक वर्षें खपून, मुलांस स्पर्शानें सृष्टि ओळखतां यावी असें संग्रहालय उभारिलें होतें. पारितोषिकासाठीं ८ ते १८ वर्षांचीं, लोकसेवेचें अथवा निसर्गरक्षणाचें कार्य स्वतः चालविणारीं मुलें निवडण्यांत येतात. त्यांत हायस्कुलांतील विद्यार्थीहि असतात. प्रमुख विजेत्यांस मिळणारी रक्कम उच्च शिक्षणासाठीं किंवा त्याच सेवाकार्यासाठीं खर्चितां येते.

बक्षिसाच्या आशेनें केलेली सेवा ती सेवा काय, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. अर्ज भरण्यापुरती सेवा अर्जाबरोबरच संपते. म्हणूनच रकमेच्या विनियोगाची ही मोकळीक आम्हांस मोलाची वाटते. बक्षीस हातीं येतांच जो पुनः त्याच कामास लागतो, त्याची सेवा बक्षिसासाठीं नव्हती. वाचकहो, मुलांस साह्य देतांना गुणपत्रिकेबरोबर त्यांच्या हातचें कामहि आपण पाहावें.